हाताने आवळलेला बोल्ट

गाडी वापरली की झिजते, हे सगळ्यांना कळतं. न वापरता उभी ठेवली तर ती त्याहून लवकर सडते, हे मात्र मी चाळीस वर्षं सांगतोय आणि अजून कुणाला पटलेलं नाही. "अहो मेस्त्री, चालवलीच नाही तर खराब कशी होईल?" असं म्हणून लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मीच गुपचूप येऊन बिघडवून गेलोय. बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधले एक साहेब महामारीत दोन वर्षं घरून काम करत होते. गाडीला भारीतलं कव्हर घातलं, आत डांबरगोळ्या ठेवल्या. कव्हर काढलं तेव्हा उंदरांनी निम्मं वायरिंग खाल्लं होतं आणि सीटच्या स्पंजात पिल्लं घातली होती. डांबरगोळ्या त्यांनी बिछान्याच्या कडेला सारून ठेवल्या होत्या. साहेब म्हणाले, "पण मी तर रोज बाल्कनीतून बघत होतो!" आता काय बोलणार? बघून गाडी टिकत असती तर आम्ही मेस्त्री लोक उपाशी मेलो असतो.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. बाविसाव्या वर्षी बंगळुरात आलो, शिवाजीनगरच्या एका गल्लीत हात काळे केले आणि पुढे त्याच गल्लीत स्वतःचं गॅरेज टाकलं. लोक मला दत्तू मेस्त्री म्हणतात. गुडघे गेले तसं गॅरेज जावयाच्या हाती दिलं. आता मी सकाळी जाऊन खुर्चीत बसतो आणि नको तिथे तोंड घालतो. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी विचित्र गिऱ्हाइकांच्या गमती लिहा, असं मला सांगण्यात आलं होतं. म्हणून सुरुवात तशी केली. पण मला लिहायचं आहे ते एका व्हॅनबद्दल, आणि तिच्यात गंमत काही नाही. गेलं वर्षभर ती गोष्ट डोक्यातून हटत नाही, तेव्हा दुसरं लिहिणं म्हणजे नुसतं ढोंग झालं असतं.

गेल्या वर्षी महेशचा फोन आला. महेश म्हणजे आमच्या गोविंदरावांचा मुलगा. गोविंदराव माझं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी घराणं. त्यांचा चुरमुऱ्या-फुटाण्यांचा धंदा होता. यशवंतपूरच्या घाऊक बाजारातून पोती उचलायची आणि व्हॅनमधून शहरभर दुकानांत पोचवायची. ते जाऊन आठ वर्षं झाली होती. महेश फोनवर म्हणाला, "अंकल, आई एकटी राहते यशवंतपूरला. आता तिला माझ्याकडे न्यायचं फायनल केलंय. पण ती म्हणते, बाबांची व्हॅन सुरू झाल्याशिवाय मी घर सोडणार नाही. मी म्हटलं स्क्रॅपला देऊ, तर दोन दिवस जेवली नाही. प्लीज, काहीतरी करा."

"आठ वर्षं उभीच आहे?"

"बाबा गेले त्या दिवसापासून. कुणी हातच लावला नाही. फक्त बॅटरी मी काढून दिली होती, लीक व्हायला लागली म्हणून."

मी गेलो. घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ती चौकोनी तोंडाची पांढरी डिझेल व्हॅन उभी होती. चारी टायर बसलेले, काचेवर एवढी धूळ की आतलं दिसेना. समोरच्या जाळीला मात्र झेंडूची वाळलेली माळ होती. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला महेशच्या आई माळ घालत होत्या. किल्ली मात्र कधी लावली नाही.

सुमित्राक्का, म्हणजे गोविंदरावांच्या पत्नी, बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. मला बघून म्हणाल्या, "आलास दत्तू? आठ वर्षांनी पाय लागले तुझे."

मी खाली बघितलं. तेराव्याला येऊन गेलो होतो, त्यानंतर फिरकलो नव्हतो. गाडी येत नाही म्हटल्यावर मेस्त्रीचं येणंजाणं थांबतं, असं मी मनाला सांगत होतो.

"होईल ना रे सुरू?"

"बघतो अक्का. स्वल्प दिवस लागतील."

"लागू देत. पण सुरू कर. ओढून नेऊ द्यायची नाही मला ती."

आता हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगतो. लोकांना वाटतं, नवी बॅटरी घातली, किल्ली मारली की झालं. असं केलंत तर उभ्या इंजिनाचा जीव घ्याल. आठ वर्षांत आतलं तेल सगळं खाली उतरून गेलेलं असतं. पिस्टन कोरडे पडून भिंतींना चिकटलेले असतात. तसंच फिरवलं तर रिंगा तुटतात. म्हणून मी पहिल्यांदा चारी हीटर प्लग खोलले. हीटर प्लग म्हणजे डिझेल इंजिनाच्या डोक्यात बसवलेल्या बोटाएवढ्या कांड्या. थंड इंजिन पेटावं म्हणून त्या आत ऊब देतात. किल्ली अर्धी फिरवली की समोर पिवळा दिवा लागतो. तो जाईपर्यंत थांबायचं, मग किल्ली पूर्ण फिरवून सेल मारायचा. ती भोकं मोकळी झाल्यावर प्रत्येकातून थोडं थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस गाडीला हातसुद्धा लावला नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या मोठ्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायला घेतलं. पहिल्यांदा हलेना. जोर लावायचा नाही, नुसता पाना धरून बसायचं, स्वल्प इकडे, स्वल्प तिकडे. अर्ध्या तासाने ते अंगठ्याएवढं सरकलं. मला एवढा आनंद झाला की मी एकटाच शेडमध्ये "आयतु! आयतु!" म्हणून ओरडलो. झालं, सुटलं एकदाचं.

टाकी उतरवली तर तळाला काळा चिखल. डिझेलमध्ये पाणी उतरतं आणि त्यात शेवाळासारखी घाण वाढते. टाकी तीन वेळा धुतली, नळ्या फुंकल्या, पंप शिवाजीनगरला ओळखीच्या पंपवाल्याकडे खोलायला पाठवला. ब्रेकचे पट्टे ड्रमला असे चिकटले होते की हातोड्याने ठोकून सोडवावे लागले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घर होतं, आणि त्यात चुरमुऱ्यांचे टरफलासारखे झालेले दाणे. मागच्या भागातून अजून फुटाण्यांचा वास येत होता. अक्का रोज दोनदा कॉफी आणून द्यायच्या, पण आत डोकावायच्या नाहीत. पेला कट्ट्यावर ठेवून मागे व्हायच्या.

आठव्या दिवशी गाडी तयार झाली. नवी बॅटरी अजून यायची होती, म्हणून मी गॅरेजमधली बॅटरी जमिनीवर ठेवली आणि तिचे जाड चिमटे थेट इंजिनाला आणि ते फिरवणाऱ्या स्टार्टरला लावले. किल्ली अर्धी केली, पिवळा दिवा लागला, गेला. मारली. घर्र घर्र करत तीन-चारदा फिरली, ठसकली, पांढऱ्या धुराचा लोट शेडभर झाला आणि इंजिन पेटलं. शेजारपाजारचे धावत आले, कुणी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. अशा वेळी मेस्त्रीला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं.

अक्का दारात उभ्या होत्या. चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नाही. धूर ओसरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मी इंजिन बंद करून खाली उतरलो आणि लोक पांगले तशा त्या जवळ आल्या. म्हणाल्या, "आठ वर्षं मेल्यासारखी पडलेली गाडी चार फेऱ्यांत सुरू झाली. मग त्या दिवशी का झाली नाही रे?"

"कुठल्या दिवशी?"

अक्का कट्ट्यावर बसल्या. मलाही बस म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते महेशलासुद्धा माहीत नव्हतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी सहाची वेळ. गोविंदराव आंघोळीला उठले आणि छातीला हात लावून खाली बसले. घामाने भिजले. महेश तेव्हा परदेशात होता. अक्कांना व्हॅन चालवता यायची. गोविंदरावांनीच हौसेने शिकवली होती, बाजारात कधीकधी त्याच पोती घेऊन जायच्या. त्यांनी नवऱ्याला कसंबसं पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चालवायला बसल्या.

"त्यांनी शिकवलं होतं," अक्का म्हणाल्या, "किल्ली अर्धी करायची, पिवळा दिवा जाईपर्यंत दहा आकडे मोजायचे, मग मारायची. घाई केलीस तर पेटायची नाही. शंभरदा सांगितलं होतं. आणि त्या दिवशी मी मोजलंच नाही रे दत्तू. ते कण्हत होते. मी एकदम मारली. नाही झाली. परत मारली. नाही झाली. वीस वेळा मारली असेल. गाडी मुकी झाली. ढकलायला कोण नव्हतं, गेटला चढ. मी रस्त्यावर पळाले. स्टेशनवर सकाळच्या गाड्या लागलेल्या, एक रिक्षा मोकळी नाही. अर्धा तास गेला. रिक्षात बसवलं तेव्हा जीव होता. मल्लेश्वरमच्या पुलाजवळ मान टाकली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दहा आकडे मोजले असते तर ते असते. आठ वर्षं हेच घेऊन बसलेय मी. महेशला कसं सांगू, तुझ्या बाबांना मी मारलं म्हणून?"

तेराव्याला कुणीतरी मला म्हणालं होतं, रिक्षातून नेलं, वाटेतच गेले. दारात व्हॅन असलेल्या माणसाला रिक्षातून का नेलं, हे मी विचारलं नव्हतं. जन्म गाड्यांत गेलेला मी, आणि एवढं साधं विचारलं नाही.

"अक्का," मी म्हटलं, "मारली तेव्हा आवाज कसा आला? आता आला तसा, घर्र घर्र?"

"नाही. नुसतं टक."

"टक?"

"टक. प्रत्येक वेळी एकदाच टक, आणि गप्प."

मी "बघतो" एवढंच म्हणालो आणि अवजारं आवरायला घेतली. घरी जाऊन जेवलो नाही.

कारण त्या दोन आवाजांतला फरक कुठल्याही मेस्त्रीला झोपेतसुद्धा सांगता येतो. हीटरसाठी थांबलं नाही तर इंजिन फिरतं, घर्र घर्र करतं, फक्त पेटत नाही. नुसतं टक होऊन गप्प बसणं याचा अर्थ स्टार्टरपर्यंत करंटच पोचत नाही. बॅटरीच्या दोन वायरी असतात. एक स्टार्टरला जाते आणि दुसरी गाडीच्या लोखंडी अंगाला एका बोल्टने आवळलेली असते. तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. तो बोल्ट ढिला असला तर दिवे लागतात, हॉर्न वाजतो, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. पण स्टार्टरला लागणारा जोर त्यातून जात नाही. टक, आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसवायला गेलो. आदल्या दिवशी मी चिमटे थेट इंजिनाला लावले होते, त्यामुळे अर्थिंगच्या बोल्टशी माझा संबंधच आला नव्हता. आता बॅटरीच्या खणाखाली हात घातला, जुन्या ग्रीसवर जमलेली धूळ पुसली आणि बोल्टला दोन बोटं लावली. तो फिरला. पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी.

आणि त्या वर्षीच्या आयुधपूजेची सकाळ मला लख्ख समोर दिसली.

आपल्याकडे खंडेनवमी, इथे आयुधपूजा. गॅरेजवाल्यांचा याहून मोठा सण नाही. सगळे पाने, पक्कड, हातोडे रॉकेलने धुवायचे, पुसायचे, देवासमोर ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचं. एकदा मांडले की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत एकाही अवजाराला हात लावायचा नाही. गल्लीतली सगळी गॅरेजं अशीच. आणि पूजा झाली की चुरमुरे-फुटाणे वाटायचे, इथे त्याला कडले-पुरी म्हणतात. म्हणजे गोविंदरावांच्या धंद्याचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. दरवर्षी शहरभर पोती टाकून झाली की शेवटचं पोतं ते माझ्या गॅरेजला आणायचे आणि आरतीला उभे राहायचे.

त्या वर्षीही आले. मी आंघोळ करून पांढरं धोतर नेसून उभा, भटजी मंत्र सुरू करण्याच्या बेतात. गोविंदराव म्हणाले, "दत्तू, सकाळपासून दोनदा टक करून थांबली बघ. बघतोस?" मी बोनेट उघडलं, वायर हलवून पाहिली. अर्थिंगचा बोल्ट सैल झाला होता. तेरा नंबरचा पाना लागणार आणि अर्ध्या मिनिटाचं काम. माझे सगळे पाने देवासमोर. गोविंदरावांच्या गाडीतली पान्यांची पेटी त्यांनी घरी पूजेला ठेवलेली. मी बोटाने थोडं ग्रीस लावलं, बोल्ट हाताने जेवढा आवळला जातो तेवढा आवळला आणि म्हणालो, "आता लागते बघा. परवा या, पाना मारून देतो." त्यांनी किल्ली मारली, गाडी सुरू झाली. आम्ही दोघं हसलो. आरती झाली, कोहळा फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली.

परवा ते आले नाहीत. गाडी चालत होती, कशाला येतील? आणि मी विसरलो. ते विसरले तर चालतं, ते चुरमुरे विकणारे. मी विसरलो हे मला आजही गिळता येत नाही. तीन-साडेतीन आठवडे शहरातले खड्डे खात तो बोल्ट सैल होत गेला असणार.

पाना माझ्या खिशात होता. मी तो काढून बोल्टला लावलासुद्धा. पाऊण फेरी मारली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. वर मी अक्कांना म्हणू शकलो असतो की तुमचा दोष नाही. त्यांचंही ओझं उतरलं असतं, माझंही झाकलं गेलं असतं. मला वाटलं, यात कुणाचं काय बिघडतं? पाना तसाच लावलेला ठेवून मी हात पुसले आणि अक्का कॉफी घेऊन आल्या तेव्हा म्हणालो, "अक्का, सापडलं. हीटर जळाले होते. तुम्ही दहा काय, शंभर मोजले असते तरी पेटली नसती. मनातून काढून टाका."

अक्का पेला हातात घेऊन उभ्या राहिल्या. "हीटर?"

"हो की."

"दसऱ्याच्या आधी दोन आठवडे तूच नवे घातलेस ना रे? चारही. जुने त्यांनी खिशात घालून घरी आणले होते, मला दाखवायला. त्यांच्यावरच त्यांनी मला शिकवलं, आत काय असतं ते."

माझं काम मीच विसरलो होतो आणि त्यांना ते लक्षात होतं.

"दत्तू," त्या म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. ते महेशही करतो. खरं काय ते सांग."

मी बोल्टवरचा पाना काढून घेतला. बॅटरीच्या दोन्ही वायरी जोडल्या. बोल्ट होता तसा ढिला ठेवला.

"अक्का, गाडीत बसा. सांगत नाही, दाखवतो."

त्या बसल्या. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. आठ वर्षांनी अक्का त्या सीटवर बसत होत्या.

"किल्ली अर्धी करा. पिवळा दिवा लागला?"

"लागला."

"आता मोजा. पूर्ण दहा."

अक्कांची शाळा कन्नड, त्यामुळे आकडे कन्नडमध्येच यायचे. "वंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." अगदी सावकाश, एकही न गाळता त्या हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, आल्या. पिवळा दिवा केव्हाच गेला होता.

"मारा."

टक.

अक्कांचा हात किल्लीवरच राहिला. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज."

"परत मारा."

टक.

मी खाली वाकून पाना लावला. पाऊण फेरीच्या वर गेला, मग घट्ट बसला. उभा राहून म्हणालो, "आता मोजायचं नाही. त्या दिवशी केलंत तसं करा. किल्ली घाला आणि एकदम मारा."

"नको रे."

"मारा अक्का."

त्यांनी डोळे मिटले आणि मारली. स्टार्टरने इंजिन ओढलं, घर्र घर्र करत जरा जास्तच फिरवलं, धूर आला, आणि गाडी सुरू झाली. बंगळुराची हवा ती केवढी थंड? हीटर नसला तरी चांगलं इंजिन थोडं कुरकुरून पेटतंच. अक्का रडायला लागल्या. आवाज न करता, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून. मी त्यांना रडू दिलं.

मग मी खिडकीशी उभा राहून सगळं सांगितलं. आयुधपूजा, देवासमोरचे पाने, दोन बोटं, परवा या. आणि हीटरचं खोटं बोललो तेही. इंजिन चालू होतं, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. आपलं पाप असं ओरडून सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. "अक्का, तुम्ही नाही. मी," असं म्हटलं.

त्या ओरडतील, उतरून आत जातील, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "त्या दिवशी पाना उचलला असतास, तर देव रागावला असता का रे?"

खरंच त्यांना माहीत करून घ्यायचं होतं. या वर्षी आयुधपूजेला मी पान्यांचा एक संच पूजेतून बाहेर काढून दाराशी ठेवला. जावई म्हणाला, मामा, असं करू नये. मी म्हटलं, त्याचा दोष माझ्या डोक्यावर. पण हे करून अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी अक्कांनी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "बस."

"कुठे?"

"बस म्हटलं ना."

व्हॅनच्या कागदांची मुदत कधीच संपली होती. ती रस्त्यावर नेणं चूक, हे मला माहीत होतं. आठ वर्षांत अक्कांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, हेही माहीत होतं. मी चालवतो असं म्हणालो तर त्यांनी ऐकल्यासारखंसुद्धा केलं नाही. मी दुसऱ्या बाजूने जाऊन पुढच्या सीटवर बसलो. बसल्यावर लक्षात आलं, त्या सकाळी गोविंदराव इथेच बसले होते.

अक्कांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. व्हॅन गेटच्या चढावर एकदा अडखळली आणि बाहेर पडली. त्या हळू चालवत होत्या, पण हात पक्का होता. बाजाराच्या कोपऱ्यावर पोती लादलेला टेम्पो आडवा आला तेव्हा त्यांनी जुन्या सवयीने एकदाच हॉर्न दिला. स्टेशनच्या रस्त्याने पुढे निघालो. मल्लेश्वरमच्या पुलाजवळ त्यांनी गिअर उतरवला, बाहेर बघितलं नाही, पूल मागे टाकला. त्या ओठांतल्या ओठांत काही म्हणत होत्या, देवाचं की काय ते मला ऐकू आलं नाही.

त्या सकाळी जिथे पोचायचं होतं त्या हॉस्पिटलच्या गेटसमोर त्यांनी व्हॅन कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. पुन्हा घड्याळ बघितलं.

"चौदा मिनिटं," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता गर्दी आहे. सकाळी सहाला नऊ-दहा."

मी गेटकडे बघितलं.

"पोचलो असतो, दत्तू."

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. हृदयाचं दुखणं असतं अक्का, कुणी सांगावं, पोचूनही काही झालं नसतं, आयुष्याची दोरी आपल्या हातात थोडीच असते. तेराव्याला लोक बोलतात ते सगळं. वॉचमन काठी हलवून गाडी पुढे घ्या म्हणून खुणावत होता, आणि अक्का माझ्याकडे बघत थांबल्या होत्या.

"होय अक्का," मी म्हणालो. "पोचला असतात."